खुणा नसलेला सखाराम

शालूआत्या,

तुझ्या दहाव्याला मी गावच्या भावकीतल्या दिगंबरकाकांशी भांडले. पिंड समोर मांडलेला, गुरुजी हातात पळी घेऊन थांबलेले, सोसायटीतल्या बायका नाकाला रुमाल लावून उभ्या, आणि मी चढ्या आवाजात भांडत होते. तू असतीस तर माझा दंड धरून मला मागे ओढलं असतंस आणि मग माझ्या जागी स्वतः उभी राहून माझ्यापेक्षा मोठ्याने भांडली असतीस. लोक म्हणाले, भाचीला धक्का बसलाय, बोलू द्या तिला. धक्का बसलाच होता, पण मी बोलत होते ती रागाने, आणि तो राग तुझ्याकडूनच आलेला आहे. म्हणून आता सगळं पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलू नकोस. ही सोय मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली आहे.

सुरुवात त्या फोटोपासून झाली. देवगडकडच्या आपल्या गावी भावकीने देवघराच्या भिंतीवर वंशावळीचा बोर्ड बसवला, काळ्या ग्रॅनाइटचा, सोनेरी अक्षरांचा, आणि काकांनी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली, कोणी 'झकास' लिहिलं. तू चष्मा लावलास, फोटो बोटांनी मोठा केलास आणि तुझ्या आजोबांच्या नावाशी येऊन थांबलीस. 'सखाराम. आफ्रिकेत मयत. निःसंतान.' त्याच्याखाली कोरी जागा. म्हणजे तुझे वडील नाहीत, माझे बाबा नाहीत, तू नाहीस, मी नाही. मुलुंडच्या तुझ्या दोन खोल्यांत आपण दोघी चहा पीत बसलो होतो आणि त्या बोर्डाच्या हिशेबाने आपण जन्मलोच नव्हतो.

मी म्हटलं, "जाऊ दे ना आत्या, आपल्याला काय फरक पडतो? गावाला जातो तरी कुठे आपण?"

तू म्हणालीस, "मला नाही पडत गं. आजीला पडतो."

तुझी आजी, माझी पणजी आनंदी, जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. पण तू असं बोललीस जणू ती आत तांदूळ निवडत बसली आहे आणि तिला हे कळलं तर आपलं काही खरं नाही.

तिची गोष्ट तू मला इतक्यांदा सांगितलीस की आता मी तुला सांगू शकते. लग्नाला जेमतेम वर्ष झालं असताना सखाराम आगबोटीवर खलाशी म्हणून गेला. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या बंदरात जहाजावरून उतरला तो परत चढलाच नाही. सुरुवातीला कोणाकोणाकडून निरोप आले, मग तेही थांबले. भावकीने बारा वर्षं वाट पाहिली आणि शास्त्राप्रमाणे पालाशविधी केला. बेपत्ता माणूस मेला असं धरून चालायचं, पळसाच्या पानांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. पानांचा सखाराम जळला. आनंदीच्या बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं गेलं, आणि भावांनी त्याच्या वाट्याची जमीन आपसांत वाटून घेतली.

त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच एक माणूस पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन घरापुढच्या खळ्यात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, मी सखाराम.

भाऊ बाहेर आले. बघत राहिले. थोरला म्हणाला, "आमचो सखाराम इतको उंच नव्हतो." या वाक्यावर तू दर वेळी हसायचीस. तेरा-चौदा वर्षांनी घरी आलेल्या माणसाच्या उंचीवर आक्षेप! मग दुसऱ्याने अधिक पक्की गोष्ट शोधून काढली. खरा सखाराम तिकडेच मेला, हा त्याचा कोणीतरी सोबती, त्याच्या तोंडून घरचं सगळं ऐकून त्याच्या नावावर आलेला. पणजी तेव्हा मागच्या दाराशी उभी होती. ती खळ्यात आली, तिने त्या माणसाकडे पाहिलं, आत गेली आणि कपाळाला कुंकू लावून बाहेर आली. गावाच्या लेखी ती विधवा होती.

यावरही शास्त्रात तोड होती. क्रिया झालेला माणूस परत आलाच तर त्याला नव्याने जन्मलेला मानायचं, तुपात बसवायचं, बारसं करायचं आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. भटजी तयार होते. भाऊ तयार नव्हते. बारसं केलं तर माणूस खरा ठरतो, आणि माणूस खरा ठरला तर जमीन परत द्यावी लागते. मग त्या दोघांनी गाव सोडलं आणि बोटीने मुंबईला आले. भांडुपच्या मिठागरांवर तो मीठ ओढायला लागला, तिथेच तुझे वडील जन्मले. एका देशाने त्याला बाहेर काढलं आणि स्वतःच्या घराने आत घेतलं नाही. तो मात्र शेवटपर्यंत गावच्या देवाला दर वर्षी नारळ पाठवत राहिला. मला याचा राग येतो, आत्या. तुलाही यायचा, फक्त तू तो देवासमोर बोलायची नाहीस.

गावात आपल्याला काय म्हणायचे ते मला फार उशिरा कळलं. विधवेने आफ्रिकेचा कोणी आणून ठेवला, त्याची ही पिलावळ. तुझं एक चांगलं, ठरत आलेलं स्थळ याच कारणाने फिरलं, हे मला बाबांनी सांगितलं. तू कधीच नाही. मीही कधी विचारलं नाही, कारण तू ज्या पद्धतीने विषय बदलायचीस ती मला पाठ होती. आता विचारते. तुला तो आवडला होता का गं? त्या एका बोर्डावर तू इतकी पेटलीस, त्यात थोडं तेही होतं का? नसेल तर नसू दे. पण असेल तर ते एकटीने इतकी वर्षं बाळगायचं काही कारण नव्हतं, मी होते.

तुझ्या हातात एकच धागा होता. लहानपणी भांडुपच्या ओट्यावर तू आजोबांच्या मांडीवर बसून विचारलं होतंस की तुम्ही आफ्रिकेहून परत का आलात. ते म्हणाले होते, "माका परत धाडल्यानी गो." कोणी, तर "सरकारान." त्याच्यापुढे ते बोलले नाहीत, आणि कोणी पुन्हा विचारलं की उठून निघून जायचे. या एका वाक्यावर तू सगळा डाव मांडलास. तू म्हणालीस, स्वतःच्या मनाने येणारा माणूस कोणाचंही नाव घेऊन येऊ शकतो. पण सरकार एखाद्याला देशाबाहेर काढतं तेव्हा त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, अंगावरच्या खुणा, सगळं विचारून घेतं. तो कागद सापडला की आजी खरी ठरली.

लोक घराण्यात कोणाला कुठून हाकललं असेल तर ते झाकून ठेवतात. तू सत्तरी ओलांडल्यावर आपल्या आजोबांना हाकललं होतं हे सिद्ध करायला निघालीस. सोसायटीतल्या बायका विचारायच्या, "शालूताई, हल्ली काय चाललंय?" तू सांगायचीस, "आजोबांना हद्दपार केल्याचा पुरावा शोधतेय," आणि त्यांचे चेहरे बघून मला हसू आवरायचं नाही.

टेलिफोन खात्यात तुझं निम्मं आयुष्य ट्रंक कॉल जोडण्यात गेलं. लाईन लागेपर्यंत कान देऊन बसायचं, तुटली की पुन्हा लावायची, समोरच्यावर वैतागायचं नाही. तसंच तू हे काम केलंस. फोर्टातल्या सरकारी दफ्तरखान्यात डबा घेऊन जायचीस आणि फितीने बांधलेल्या फायली दिवसभर उलटायचीस. संध्याकाळी नाक धुळीने चोंदलेलं असायचं आणि तू खूश असायचीस. मग इंटरनेट शिकलीस. डर्बनच्या संग्रहालयातल्या एका बाईंशी तुझी पत्रं सुरू झाली. तुझ्या इंग्रजीत मी दुरुस्त्या केल्या की तू त्या पुसून आपलं मूळचं वाक्यच पाठवायचीस, आणि त्या बाई तुला माझ्यापेक्षा जास्त समजून घ्यायच्या.

त्यांनी पाठवलेल्या याद्या आपण रविवारी वाचायचो. त्या बंदरातून परत पाठवलेल्या माणसांच्या याद्या. तू प्रत्येक नाव मोठ्याने वाचायचीस, आपला असो नसो. वय, उंची, खुणा. उजव्या गालावर देवीचे व्रण. डाव्या हाताच्या करंगळीचं पेर नाही. मी म्हणायचे, पुढे चल, हे आपले नाहीत. तू म्हणायचीस, "अगं, कोणाचे तरी असतीलच ना? त्यांच्याकडे वाचायला कोणी नसेल तर?" त्या वेळी मी चिडायचे. आज लिहिताना मला त्या करंगळीवाल्याचं नाव आठवतंय, आणि ते तुझ्यामुळे आठवतंय.

शेवटी तीन सखाराम सापडले. तिघेही हिंदू, तिघांसमोर नुसतं मुंबई लिहिलेलं, गाव नाही, बाप नाही. एक देवीच्या व्रणांचा, एक कपाळावर जखमेचा, आणि तिसऱ्यापुढे 'खुणा: नाहीत'. तू तिसऱ्यावर बोट ठेवलंस.

"हाच आपला."

"कशावरून?"

"ज्याच्याबद्दल कोणी काही लिहून ठेवलं नाही, तो आपल्याच घरातला."

मी हसून हसून लोळले. तूही हसलीस. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तू डर्बनला लिहिलंस की या तिसऱ्या माणसाची पूर्ण फाईल हवी, त्याला काढण्याच्या हुकमासकट, कारण त्यात गाव असणारच. त्या फाईलची वाट बघणं हे तुझं शेवटचं काम ठरलं.

आणि पुतू! पुतूबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. आपल्या घरात शनिवारी पुतू व्हायचं. पाण्याला उकळी आली की मीठ घालायचं, मक्याचा जाडा रवा मधोमध ओतायचा, मुळीच ढवळायचं नाही, झाकण ठेवून मंद आचेवर विसरून जायचं आणि नंतर काट्याने मोकळं करायचं. वर घट्ट आंबट ताक. तळाला धरलेली खरपुडी तुझी, ती तू कोणाला देत नव्हतीस, लहान मुलांनासुद्धा नाही. मी शाळेत ते डब्यात नेलं होतं आणि बाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं की हा आमचा मालवणी पदार्थ आहे. पुढे गावाला गेले तेव्हा काकींकडे पुतू मागितलं. त्या म्हणाल्या, "ह्यां काय तां? मुंबयवाल्यांचां कायतरी असतला." घरी येऊन मी तुला सांगितलं, आणि आपण दोघींनी मिळून असा निष्कर्ष काढला की गावचे लोक आपले जुने पदार्थ विसरले. बिचारे! आपल्या शहाणपणाला तोड नव्हती.

मग तो रविवार आला. मी तुझ्या स्वयंपाकघरात पुतू करत होते आणि तू बाहेर कॉम्प्युटरवर डर्बनचं काहीतरी बघत होतीस. तू अशी किंचाळलीस की मी हातातला काटा टाकून धावले. पडद्यावर तिकडची एक बाई चुलीशी उभी राहून अगदी हेच करत होती. मधोमध ओतलं, ढवळलं नाही, झाकण ठेवलं. नावसुद्धा तेच सांगत होती. वरून आंबट दूध घेतलं तिने. तू कॉम्प्युटरला हात लावून नमस्कार केलास. आजोबांनी मिठागरावरून दमून येऊन आपल्या हाताने ते आजीला करून घातलं असणार, आणि तिने ते शिकून घेतलं असणार, आणि तीन पिढ्या आपण ते मालवणी म्हणून खात होतो. तू रडत होतीस आणि म्हणत होतीस, "बघ, बघ, आले होते ते तिथूनच."

आणि मी, नेहमीप्रमाणे, तोंड उघडलं. मी म्हटलं, "आत्या, यातून तो माणूस डर्बनहून आला एवढंच सिद्ध होतं. सोबती पण डर्बनहूनच आला असता."

तू माझ्याकडे असं बघितलंस की मी गॅस बघायला आत गेले.

त्याच जेवणावर आपलं मोठं भांडण झालं. मी म्हटलं, मग एकदाची डीएनए टेस्ट करूया. माझा भाऊ आणि सखारामच्या भावाचे नातू दिगंबरकाका, दोघांच्या थुंकीचा नमुना दिला की महिनाभरात कळेल. काका तयार होतेच. तू ताट बाजूला सारलंस.

"आजीच्या अब्रूचा निकाल थुंकीवर लावू?"

"मग कागदावर लावतेस ते काय वेगळं आहे? तोही परक्या सरकारचा. तिने ओळखलं ते तुला पुरत नाही का?"

"मला पुरतं गं. त्यांना पुरत नाही."

"मग त्यांना पुरवायचा ठेका आपण का घ्यायचा?"

पुढचे दोन रविवार तू मला बोलावलं नाहीस. मग फोन करून, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, आंबोळ्यांचं पीठ भिजवलंय म्हणून सांगितलंस. भांडण मिटलं, पण प्रश्न तसाच राहिला. मला अजूनही वाटतं की तू तिथे चुकत होतीस. तू गेलीस म्हणून मी माझी बाजू सोडणार नाही, तू सोडली नसतीस.

शेवटचा फोन तुला आठवतो का? "येताना मक्याचा जाडा रवा आण. इथला वाणी बारीक देतो, लगदा होतो त्याचा." मी आणला. तो माझ्या पिशवीत असताना तुझ्या शेजाऱ्यांचा फोन आला आणि मी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा तू नव्हतीस. पिशवी घेऊनच मी तिथे उभी होते. डॉक्टर काही सांगत होते आणि मी तो रवा छातीशी धरून ऐकत होते. मला तुझा फार राग आला होता. असं मध्येच उठून जायचं नसतं, आत्या.

चौथ्या दिवशी तुझ्या कॉम्प्युटरवर डर्बनहून उत्तर आलं. त्या बाईंनी फार मायेने लिहिलं होतं. तिसऱ्या सखारामची फाईल मिळत नाही. त्या वर्षांतल्या बऱ्याच फायली कधीच नष्ट झाल्या आहेत. त्याला खरंच हुकूम काढून परत पाठवलं की नुसतं बोटीत बसवलं, हे आता कळण्याचा मार्ग नाही. खाली त्यांनी विचारलं होतं की तुमची तब्येत कशी आहे. मी ते दोनदा वाचलं. तुला हे वाचावं लागलं नाही याचं मला बरं वाटलं, आणि लगेच तुला हे सांगायला तू नाहीस म्हणून मी ओट्याला टेकून रडले. कोणाला काही सांगितलं नाही.

म्हणून दहाव्याला मी गेले तेव्हा मला माहीत होतं की कागद कधीच येणार नाही. क्रिया मीच करत होते. भाऊ असताना मुलीने करायची की नाही यावर थोडी कुजबुज झाली, गुरुजींनीच ती थांबवली. काका या वयात रात्रभर एसटीने गावाहून आले होते. हे मी मान्य करते, आत्या. तुझ्या फोटोसमोर ते खरेखुरे रडले. लहानपणी सुट्टीत गावी तुम्ही दोघं कैऱ्या चोरायला जायचात म्हणे, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

पिंड ठेवला आणि कावळा येईना. एरवी तुझ्या खिडकीच्या ग्रिलवर उजाडल्यापासून बोंब मारणारे ते सगळे त्या दिवशी कुठे गेले होते कोण जाणे. लोक माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी मेलेल्या माणसाला कबूल करायचं असतं, तुझी राहिलेली इच्छा पुरी करू म्हणून. तुझी इच्छा कोणती हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी काही बोलणार तेवढ्यात काका पुढे आले आणि पिंडासमोर हात जोडून म्हणाले, "शालू, काळजी करू नको गो. बोर्डार तुमचां नाव लावतंव. दत्तक म्हणान लावतंव."

दत्तक!

कावळा आलाच नाही. काका माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "नायतर ती टेस्ट करूया, नीलू. सगळोच प्रश्न मिटात." ते वाईट हेतूने बोलत नव्हते. त्यांना वाटत होतं की ते आपल्याला काहीतरी देत आहेत. तोपर्यंत गुरुजी थांबून कंटाळले, त्यांनी दर्भाच्या दोन काड्या वळून गवताचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. झालं, म्हणाले, शिवला.

तिथे माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, "काका, आपल्या घराण्यात जाळायला पानांचा माणूस चालतो. शिवायला गवताचा कावळा चालतो. फक्त एका बाईने आपला नवरा ओळखला, तेवढं चालत नाही."

मी तशीच बोलत राहिले. म्हटलं, डर्बनहून उत्तर आलंय. कागद नाही. मिळणार नाही, आणि आजपासून आम्ही तो शोधणार नाही. थुंकी पण देणार नाही. दत्तक तर मुळीच नाही. बोर्डावर लावायचं असेल तर आधी आनंदीचं नाव लावा, मोठ्या अक्षरांत, आणि तिच्याखाली आम्ही सगळे.

काका म्हणाले, "बायकांची नावां नसतंत बोर्डार."

"मग आमचंही नको."

काका म्हणाले, "तुजो आवाज शालूसारखोच आसा." आणि चपला घालून बाहेर जाऊन बसले.

आता तुला एक सांगते, जे मी तुझ्यासमोर कधी बोलू शकले नाही. मला माहीत नाही तो माणूस कोण होता. बहुतेक सखारामच असणार, असं मन म्हणतं. पण समजा नसला? समजा खरा सखाराम तिकडेच गेला आणि त्याचा सोबती, ज्याला कुठेच घर उरलं नव्हतं, त्याचं नाव डोक्यावर घेऊन इथवर आला? तू हे ऐकून माझ्या तोंडावर हात ठेवला असतास. पण ऐक. ज्याच्याबरोबर वर्षभर संसार केला तो माणूस बाईला ओळखता येतो. तो नसेल तर तेही तिला कळतं. पणजी फसली असं मला कधीच वाटलं नाही. तिने जे काही ओळखलं ते ओळखून कुंकू लावलं. ज्याला सगळ्यांनी परत धाडलं त्याला तिने आत घेतलं, आणि त्या घरात आपण जन्मलो. याहून मोठा दाखला मला कोणाकडूनच नको आहे. तुझ्या इतक्या वर्षांच्या मेहनतीला मी फुकट गेली असं म्हणणार नाही. तू शोधलं नसतंस तर मला पणजी नुसती भिंतीवरच्या फोटोतली म्हातारी वाटली असती, आणि पुतू मालवणी.

तेराव्याला काका आले. मला वाटलं होतं येणार नाहीत. गोडाधोडाचा स्वयंपाक केटररकडून आला होता, पण सकाळीच मी तुझ्या मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं, मीठ घातलं आणि तू मागवलेला तो रवा मधोमध ओतला. ढवळलं नाही. तुझ्या फोटोसमोर आधी ठेवलं, मग पानांवर वाढलं. काकांनी ताकात कालवून एक घास खाल्ला, थांबले, पानाकडे नीट बघितलं.

"ह्यां काय गो? आमच्याकडे ह्यां करनत नाय."

"आमच्याकडे करतात, काका," मी म्हटलं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या पणजीच्या फोटोकडे. काहीतरी बोलतील म्हणून मी तयारीत उभी होते, पदर खोचून, तुझ्यासारखी. ते खात राहिले, पान पुसून काढलं आणि थोडं पुढे सरकवलं.

"आणि थोडां वाढ."

मी वाढलं, आत्या. तळाची खरपुडीसुद्धा वाढली.